डबाभर पुंगळ्या

प्रश्न : टेक्सासला आल्यापासून नेमबाजीच्या रेंजवर जातो. नाइन एमएम पिस्तुलाच्या, गोळी उडाल्यावर उरलेल्या डबाभर रिकाम्या पुंगळ्या साठल्यात. घरी काडतुसं भरायला शिकू का?

उत्तर : शिका की! आधी डब्यात लोहचुंबक फिरवा; चिकटतील त्या पोलादी, त्या काढून टाका. उरलेल्यांत टॉर्चने डोकवा. बुडाशी मधोमध एकच भोक हवं. दोन असली तर ठिणगी देणारी जुनी टोपी काढणारी सुई मोडते. मी पहिल्याच आठवड्यात मोडली. बंदुकीच्या दारूचं माप छापील तक्त्यातलंच, मित्राच्या तोंडचं नको. या पुंगळीत चुकून दुप्पट दारूही मावू शकते, म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत बघायचंच. हाताला शिसं लागतं, धुतल्याशिवाय चहा नाही. आणि पुण्याला येताना रेंजची बॅग आणू नका. कोपऱ्यात एखादं काडतूस राहिलं, तर विमानतळावरून थेट पोलीस चौकी.