चिठ्ठीवरची उंची आणि रोवनची खरी उंची

नमस्कार. आपण विचारले आहे की इंग्लंडमधल्या रेडिंग शहरातल्या घरामागे ७ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब बाग आहे, माती चिकण आहे, आणि नर्सरीत आवडलेल्या ‘जोसेफ रॉक’ जातीच्या रोवनला (फळांचे घोस येणाऱ्या, थंड हवेतल्या झाडाला) ‘उंची ५ मीटर’ अशी चिठ्ठी लावलेली आहे. तर हे झाड स्वयंपाकघराच्या भिंतीपासून ३ मीटरवर लावावे का, आणि ते पूर्ण वाढायला किती वर्षे लागतील. त्या जागी ते लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमधल्या नर्सऱ्या चिठ्ठीवर बहुधा १० वर्षांनंतरची उंची छापतात, आणि दहाव्या वर्षी रोवन थांबलेला नसतो. ‘जोसेफ रॉक’ची पूर्ण वाढ ८ ते १० मीटरपर्यंत जाते आणि तिथवर पोचायला त्याला २० वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणजे आपण जो आकडा वाचला तो झाडाच्या तारुण्यातला आहे.

वाढीचा वेग सगळ्या वर्षांत सारखा नसतो, हे आधी लक्षात घ्यावे. माझ्या बागेत हीच जात मी २००६ च्या हिवाळ्यात लावली, तेव्हा रोप १.८ मीटर होते. पहिली दोन वर्षे ते जवळपास जागचे हलले नाही. दोन्ही वर्षे मिळून वीतभर वाढले असेल. त्या काळात झाड जमिनीखाली मुळे पसरवत असते, त्यामुळे काही बिघडले असे समजून खतांचा मारा करू नये. तिसऱ्या वर्षापासून त्याने दरवर्षी ४० ते ५० सेंटिमीटर उंची घेतली आणि दहाव्या वर्षी ते ५ मीटरच्या थोडे पुढे गेले. चिठ्ठी तेवढ्यापुरती खरीच ठरली. नंतर फळांचे घोस वाढले, तसा वेग २५ सेंटिमीटरवर आणि पुढे त्याहूनही खाली आला. आज ते साडेसात मीटरच्या आसपास आहे. मात्र शेवटच्या दहा वर्षांत उंचीपेक्षा पसारा जास्त जाणवतो. लहानपणी फांद्या वरच्या दिशेने जातात आणि झाड सडपातळ दिसते. पुढे फळांच्या भाराने त्या बाहेर झुकतात आणि माथा ५ मीटर रुंद होतो. जागा ठरवताना लोक उंची विचारतात, पसारा विचारत नाहीत, आणि ७ मीटर रुंदीच्या बागेत अडचण पसाऱ्यानेच होते.

वाढीचा वेग कोणाला न विचारता स्वतः मोजता येतो. रोवनच्या फांदीचे टोक हातात घेऊन मागे मागे पाहत जा. साल जिथे बारीक गोल वळ्यांनी वेढलेली दिसेल तिथे गेल्या हिवाळ्यातली टोकाची कळी होती. टोकापासून त्या वळ्यांपर्यंतची लांबी म्हणजे सरत्या हंगामातली वाढ, आणि त्यामागच्या वळ्यांपर्यंतची लांबी म्हणजे त्याआधीच्या वर्षाची. नर्सरीत रोप निवडताना मी हे नेहमी पाहतो. लागोपाठ दोन वर्षांची वाढ बोटभरच असेल, तर ते रोप कुंडीत फार काळ अडकलेले आहे आणि त्याची मुळे आतल्या आत गोल फिरलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

आता निवडीकडे येतो, कारण सारे तिच्यावरच अवलंबून आहे. ‘रोवन’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या मापांची झाडे विकली जातात. इथला रानटी रोवन, म्हणजे सॉर्बस ऑक्युपेरिया, चांगल्या जागी १५ मीटरपर्यंत जातो आणि तरुणपणी वर्षाला अर्धा मीटरही सहज वाढतो. जपान आणि कोरियाकडच्या कॉमिक्स्टा जातीतला ‘एम्बली’ शरद ऋतूत पेटल्यासारखा लाल होतो, पण तोही १० मीटरचा धनी आहे. आपल्या बागेसाठी मी दोन नावे सुचवीन. नैर्ऋत्य चीनमधला सॉर्बस विल्मोरिनी साधारण ४ ते ५ मीटरवर थांबतो, वर्षाला २० ते ३० सेंटिमीटर वाढतो, आणि त्याची पाने नेच्यासारखी बारीक पर्णिकांची असल्यामुळे खाली दाट सावली पडत नाही. त्याची फळे आधी गडद लाल असतात, मग गुलाबी होतात आणि शेवटी जवळजवळ पांढरी. माझ्याकडचे विल्मोरिनीचे झाड १५ वर्षांचे झाले आहे आणि साडेतीन मीटरवर समाधानी आहे. फक्त त्याचा पसाराही जवळपास उंचीइतकाच असतो, हे धरून चालावे.

दुसरा सॉर्बस काश्मिरियाना, नावाप्रमाणेच काश्मीर आणि पश्चिम हिमालयातला. तो ५ मीटरच्या आसपास जातो, क्वचित थोडा पुढे; फुले फिकट गुलाबी, आणि फळे मोठ्या मोत्यांसारखी पांढरीशुभ्र, पाने गळून गेल्यावरही फांद्यांवर लटकत राहणारी. आपल्याच हिमालयातले झाड इंग्लंडच्या परसात फुललेले पाहून मला दरवर्षी मनापासून आनंद होतो. पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनी त्याच्या बिया मागितल्या, तर मात्र मी त्यांना प्रेमाने नाही म्हणतो, कारण बी रुजायलाही कित्येक आठवड्यांची ओली थंडी लागते आणि झाडाला खरा हिवाळा लागतो.

‘जोसेफ रॉक’च घ्यायचे आणि छाटून ५ मीटरवर ठेवायचे, असा विचार आपल्या मनात आला असेल, तर तो सोडून द्यावा. शेंडा कापला की त्या जागेखालून चार-पाच सरळसोट फुटवे येतात, झाडाचा मूळ बांधा कायमचा जातो, आणि दोन-तीन वर्षांत उंची पुन्हा तेवढीच होते. सफरचंदाला जसे ठेंगणे ठेवणाऱ्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या रोपावर, कलम करता येते, तशी सोय इथे सहसा मिळत नाही. शोभेचे रोवन बहुतेक रानटी रोवनच्याच खुंटावर बांधलेले असतात आणि तो खुंट जोमदार असतो. त्याचे फुटवे बुंध्यातून आले तर ते लगेच मुळापासून काढावेत, नाहीतर काही वर्षांत तेच वरचढ होतात. शिवाय ‘जोसेफ रॉक’ फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला लवकर बळी पडतो, ही गोष्ट नर्सरीत क्वचितच सांगितली जाते.

भिंतीचा प्रश्न चिकणमातीमुळे गंभीर होतो. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि हिवाळ्यात फुगते, आणि झाडाची मुळे पाणी ओढून ते आकसणे वाढवतात. ब्रिटनमधल्या एनएचबीसी या घरबांधणी संस्थेच्या मानकांत रोवनला मध्यम पाणी ओढणारे झाड म्हटले आहे आणि पायाची खोली ठरवताना त्याची पूर्ण उंची ११ मीटर धरली आहे. रोवन हे विलो किंवा पॉप्लरसारखे भीतिदायक झाड नव्हे, पण ३ मीटर अंतर कमीच आहे. ‘जोसेफ रॉक’ घराच्या भिंतीपासून निदान ६ मीटर आणि विल्मोरिनी निदान ४ मीटर दूर असावा, असे मी माझ्या अनुभवावरून मानतो. घर जुने आणि पाया उथळ असेल, तर आधी इमारती तपासणाऱ्या सर्वेक्षकाला विचारावे. आपल्या बागेत दूरच्या कुंपणापासून अडीच-तीन मीटर आत, मध्यरेषेवर, अशी जागा मला योग्य वाटते, म्हणजे पसारा शेजाऱ्यांकडे जाणार नाही.

वाढीचा वेग शेवटी पाण्यावर ठरतो. रोवन हे डोंगरातले, थंड आणि ओलसर हवेचे झाड आहे. स्कॉटलंडच्या डोंगरांत ते इतर बहुतेक झाडांपेक्षा अधिक उंचीवर उगवते. इंग्लंडच्या आग्नेय भागातला कोरडा उन्हाळा त्याला सोसत नाही. २०२२ च्या जुलैत पारा ४० अंशांच्या वर गेला, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरातले दोन वर्षांचे रोवन पाण्याअभावी वरून निम्मे वाळले. म्हणून पहिले तीन उन्हाळे कोरड्या आठवड्यात दोन बादल्या पाणी एकदम द्यावे, रोज थोडे थोडे शिंपडू नये. बुंध्याभोवती मीटरभर रुंद आळे गवतमुक्त ठेवून त्यात ५ ते ७ सेंटिमीटर लाकडाच्या चिपांचे आच्छादन घालावे आणि ते खोडाला टेकू देऊ नये. चिकणमातीत खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करावा, आणि खोड जिथे मुळांकडे फुगते तो भाग जमिनीच्या वर दिसत राहावा.

मोठे झाड आणले की वेळ वाचतो, हा समज इथे उलटा पडतो. तीन मीटरचे महाग रोप बसायला तीन-चार वर्षे घेते आणि दीड मीटरचे त्याला बहुधा गाठते. नोव्हेंबर ते मार्च या काळात उघड्या मुळांची रोपे मिळतात, ती स्वस्त असतात आणि मुळे डोळ्यांनी तपासता येतात. आधाराची काठी खोडाच्या खालच्या एक-तृतीयांश भागाइतकीच उंच ठेवून दुसऱ्या हिवाळ्यानंतर ती काढून टाकावी.