दहावीनंतर एसी दुरुस्तीचे काम: आयटीआय करावे की थेट कामाला लागावे?

प्रश्न: आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगा यंदा दहावी उत्तीर्ण झाला. त्याला ६८ टक्के गुण मिळाले असून विज्ञान आणि गणितात तो बरा आहे. गेल्या दोन वर्षांपासून उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ओळखीच्या एका एसी मेकॅनिकबरोबर कामाला जातो आणि त्याला ते मनापासून आवडते. आता तो म्हणतो की दोन वर्षे शिकण्यात कशाला घालवायची, लगेच कामाला लागतो. त्याला गॅससुद्धा भरता येतो. आमच्याच इमारतीतल्या एका घरी या उन्हाळ्यात त्याने दोनदा गॅस भरून दिला. त्याचे वडील अंबडला कंपनीत आहेत. त्यांना वाटते की मुलाने अकरावी सायन्स घ्यावे, पाना-पक्कड घेऊन दारोदार फिरू नये. मला दोन गोष्टींची काळजी वाटते: काम उन्हाळ्यापुरतेच मिळते आणि उंचावर चढावे लागते. काय करावे? (एक आई, नाशिक)

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलाने एकाच घरी दोनदा गॅस भरून दिला, हे आपण कौतुकाने लिहिले आहे आणि या वयात त्याने एवढे हात चालवावेत हे कौतुकाचे आहेही. मात्र त्याने पुढे काय करावे, याचे उत्तर मला त्याच वाक्यात सापडले, म्हणून सुरुवात तिथूनच करते. एसीमधला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी), कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (दाब उतरवणारा भाग) आणि इनडोअरची कॉइल असा तो बंद मार्ग असतो, त्यातून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरावा लागला, याचा अर्थ पहिल्या वेळी गळती शोधलीच गेली नाही. पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरत राहावे, तसे ते झाले. त्या घरच्या माणसांनी दोनदा पैसे मोजले आणि एसी पुन्हा थंड करीनासा होईल ही शक्यता तशीच राहिली. यात मुलाचा दोष नाही, कारण त्याला जेवढे दाखवले गेले तेवढे तो शिकला. पण हेच काम तो आणखी पाच वर्षे याच पद्धतीने करीत राहिला, तर त्याचा हात सराईत होईल आणि समज मात्र आज आहे तिथेच राहील.

गळती शोधणे म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगते, म्हणजे आपल्याला आणि त्याच्या वडिलांनाही या व्यवसायातील शिकण्याचा भाग लक्षात येईल. स्प्लिट एसीची तांब्याची नळी आउटडोअरला जिथे नटाने जोडलेली असते, त्या फ्लेअर जोडावर तेलकट, धूळ धरलेला डाग दिसला तर जाणकार माणूस तिथेच थांबतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे थोडे बाहेर येत असते. मग तो यंत्रणेत कोरडा नायट्रोजन दाबाखाली भरतो, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावतो आणि बुडबुडा कुठे फुगतो ते पाहतो, काट्यावरचा दाब काही वेळाने उतरतो का तेही पाहतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरला तर आतल्या तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होऊ शकतो, हे ज्याला कारणासह ठाऊक आहे तो घाईतही ही चूक करणार नाही. जोड नव्याने फ्लेअर करून, म्हणजे नळीचे तोंड पसरट करून, टॉर्क रेंचने हवा तेवढाच आवळून झाला की व्हॅक्यूम पंप लावायचा. आतली हवा तर त्याने निघतेच; शिवाय दाब खूप उतरल्यामुळे आतला पाण्याचा अंशही उकळून बाहेर पडतो. साधारण ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूम मोजण्याचे एकक; आकडा जितका कमी तितकी आत हवा कमी) व्हॅक्यूम उतरला आणि पंप बंद केल्यावरही टिकला, की नळी कोरडी व बंद आहे असे समजायचे. ओल आत राहिली तर ती आजकालच्या एसीमधील तेलाशी मिळून आम्ल तयार करते, आणि काही महिन्यांनी कॉम्प्रेसर जळतो तेव्हा दोष व्होल्टेजला दिला जातो.

त्यानंतर गॅस भरायचा तो वजनकाट्यावर, आउटडोअरच्या पाटीवर जेवढे ग्रॅम लिहिलेले असतील तेवढा, आणि नळी ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर त्याचा हिशेब धरून. पाइप हाताला गार लागला म्हणजे झाले, हा अंदाज जुन्या आर-२२ या गॅसच्या काळात कसाबसा चालून गेला. आर-२२ ओझोनच्या थराला घातक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. त्यानंतर आलेल्या आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो आणि तो दोन वायूंचे मिश्रण असल्यामुळे द्रवरूपातच भरावा लागतो. आज घरगुती एसीमध्ये सर्रास असलेला आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, तर काही एसीमध्ये असलेला आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन आहे. आर-३२ चा एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता तो वातावरणात अडकवतो, म्हणून जुना गॅस हवेत सोडून देण्याऐवजी रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये परत घेण्याची पद्धत शिकणे आवश्यक आहे. मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून आर-४१०ए, आर-३२ अशा वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे. याचा सरळ अर्थ असा, की आपला मुलगा ऐन उमेदीत असेल तेव्हा गॅस पुन्हा बदललेले असतील. ज्याला दाब आणि तापमान यांचा संबंध कळतो, तक्ता वाचता येतो, तो नव्या गॅसवर आठवडाभरात जुळवून घेईल. ज्याने फक्त काटा कुठे थांबतो एवढेच पाठ केले आहे, त्याची मात्र पंचाईत होईल.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: मुलाने हाच व्यवसाय निवडावा, पण थेट कामाला लागू नये. आयटीआयमध्ये ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन’ (पूर्वीचे नाव ‘मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’) हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्याला विज्ञान आणि गणितासह दहावी उत्तीर्ण असावे लागते, ती अट आपला मुलगा पूर्ण करतो. ब्रेझिंग (नळ्या तापवून धातूने सांधणे), फ्लेअरिंग, मोटारचे वाइंडिंग तपासणे, कॅपॅसिटर व रिले ओळखणे, फ्रीजपासून कोल्ड स्टोरेजपर्यंतच्या यंत्रणा समजून घेणे, हे सगळे त्यात क्रमाने येते. अखेरीस मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते, आणि ती त्याने टाळू नये. दुकानाच्या जवळपणाकडे किंवा विद्यावेतनाच्या आकड्याकडे पाहून जागा निवडण्यापेक्षा, जिथे व्यवस्थित हत्यारे आहेत आणि वरिष्ठ कारागीर मोजमाप घेऊन काम करतात, अशी जागा निवडावी. आपल्याकडे सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमध्ये, मोठ्या रुग्णालयांमध्ये आणि हॉटेलांमध्ये घरगुती एसीपेक्षा मोठ्या यंत्रणा असतात. तिथे वर्षभर काम केलेल्या मुलाची नजर घरोघरच्या कामातही वेगळी असते.

एक गोष्ट मात्र आयटीआयच्या भरवशावर सोडू नये. आजच्या इन्व्हर्टर एसीत बऱ्याच तक्रारी कंट्रोल बोर्डाच्या, म्हणजे पीसीबीच्या नावावर टाकल्या जातात आणि अनेक मेकॅनिक बोर्ड थेट बदलायला सांगतात. सेन्सरचा रोध मल्टिमीटरवर मोजणे, एरर कोडचा अर्थ कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून काढणे आणि दोष बोर्डात आहे, पंख्यात आहे की वायरिंगमध्ये, हे ठरवणे ज्याला जमते त्याला कामाची कधीच वाण पडत नाही. मॅन्युअल इंग्रजीत असतात, म्हणून तांत्रिक इंग्रजी वाचण्याची सवय त्याने पहिल्याच वर्षापासून लावून घ्यावी. दहावीच्या विजेच्या धड्यातील ओहमचा नियम त्याला इथे रोज लागणार आहे.

आता हंगामाचा प्रश्न. आपली भीती निराधार नाही. नाशिकची थंडी अशी, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरातले एसी बंदच असतात, आणि मार्चमध्ये पारा चढला की सगळ्यांना एकाच आठवड्यात मेकॅनिक हवा असतो. चार महिने बंद राहिलेल्या आउटडोअरमध्ये पाली आणि मुंग्या शिरतात, ड्रेन पाइपमध्ये शेवाळ व धूळ साचून पाणी घरात टपकते, कंडेन्सरच्या पत्र्यांवर धुळीचा थर बसतो. हे ओळखून जो कारागीर जानेवारी-फेब्रुवारीतच आपल्या नेहमीच्या ग्राहकांना फोन करून सर्व्हिसिंग उरकतो आणि वार्षिक देखभालीचे करार करून ठेवतो, त्याचा उन्हाळा धावपळीत जात नाही आणि हिवाळाही रिकामा जात नाही. दवाखाने, औषधांचे साठे, सर्व्हर रूम, दूध आणि आइस्क्रीमची दुकाने यांना बाराही महिने थंडावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या शेतात आहे. दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, निफाड या पट्ट्यातली निर्यातीची द्राक्षे तोडल्यानंतर आधी प्री-कूलिंगमध्ये त्यांच्यातील शेतातली उष्णता काढली जाते, मग शून्य अंशाच्या आसपास कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून रेफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या, कंटेनरने बंदरावर पाठवली जातात, आणि वायनरीत तर टाक्यांचे तापमानच वाइनचा दर्जा ठरवते. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल असल्याने ऐन गर्दी एसीच्या हंगामाच्या सुरुवातीशी भिडते हे खरे, परंतु त्या यंत्रणांची दुरुस्ती आणि तयारी हंगामापूर्वी, म्हणजे घरगुती काम थंडावलेले असते तेव्हाच करावी लागते. ज्याने आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा भाग मन लावून शिकला, त्याला ही दारे उघडी असतात. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया असतो, तो विषारी आहे. त्याचे वेगळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय तिथे हात घालू नये, एवढे मात्र त्याला आताच सांगून ठेवा.

धोक्याबद्दल मी आपल्याइतकीच आग्रही आहे. १६ वर्षांच्या मुलाने चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर पाय टाकून आउटडोअर बसवू नये, तिथे मग उस्ताद कितीही सांभाळून घेणारा असो. पुढे मोठा झाल्यावरही संपूर्ण शरीराचा सेफ्टी हार्नेस पक्क्या ठिकाणी अडकवल्याशिवाय बाहेर पडायचे नाही, हा नियम ग्राहकाच्या घाईसाठी मोडायचा नाही. उंचीइतकाच विजेचा धोका आहे. इन्व्हर्टर एसीचे मेन स्विच बंद केले तरी आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपासचा भार काही वेळ तसाच असतो. तो उतरल्याचे मीटरवर पाहिल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. एसी हलवताना गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्या वेळी सैल जोडातून हवा आत गेली तर तेल आणि हवा दाबाखाली पेटून कॉम्प्रेसर फुटू शकतो. अशा घटनांमध्ये कामगारांचे जीव गेले आहेत. हे सांगण्याचा हेतू आपल्याला घाबरवण्याचा नाही; शिकून काम करण्याचा आग्रह मी का धरते आहे, त्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

त्याच्या वडिलांचे म्हणणेही मी समजू शकते. कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या बापाला आपला मुलगा आपल्या पुढे जावा असे वाटणारच. परंतु आवड नसताना अकरावी सायन्सला बसवलेला मुलगा दोन वर्षांनी कमी गुण घेऊन त्याच वळणावर परत येतो, हे मी या कामात वारंवार पाहते, आणि तोवर त्याचा आत्मविश्वास खचलेला असतो. शिवाय आयटीआयने पुढचे शिक्षण बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. सामनगावचे शासकीय तंत्रनिकेतन आपल्या गावातच आहे, आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा मार्गही खुला असतो. त्या वाटेने गेला तर इमारतींच्या वातानुकूलनाचा आराखडा करणारा अभियंता होता येईल, आणि नाही गेला तरी स्वतःचे सर्व्हिस सेंटर काढता येईल. त्यासाठी लागणारा व्हॅक्यूम पंप, डिजिटल वजनकाटा, टॉर्क रेंच, नायट्रोजनचा संच या गोष्टी पंतप्रधान मुद्रा योजनेतील बिनतारणी कर्जातून घेता येतात. मात्र स्वतःच्या धंद्याचा विचार अप्रेंटिसशिपनंतर निदान दोन-तीन वर्षे नोकरी करून, ग्राहकांशी बोलणे, बिल लिहिणे आणि सुट्या भागांची खरेदी हे अंगवळणी पडल्यावरच करावा.

प्रत्यक्षात आता करायचे ते एवढेच. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय प्रवेश पोर्टलवर आयटीआयचा अर्ज मुदतीत भरावा आणि तो निश्चित करून घ्यायला विसरू नये. नाशिक जिल्ह्यात हा ट्रेड कोणत्या शासकीय व खासगी संस्थांत आहे, ते तिथल्या यादीत पाहावे आणि शासकीय संस्थांना आधी पसंती द्यावी. शक्य असेल तर वडिलांनी मुलाला घेऊन त्या संस्थेची कार्यशाळा एकदा पाहून यावी. प्रवेश गुणवत्तेनुसार होतो आणि या ट्रेडच्या जागा मोजक्या असतात, म्हणून पसंतीक्रमात दुसऱ्या क्रमांकावर इलेक्ट्रिशियन ठेवावा. तो मिळाला तरी विजेचा पाया पक्का होईल आणि एसीचे काम पुढे अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमातून जोडता येईल. अकरावीचा अर्जही भरून ठेवायला हरकत नाही. सुट्टीतले काम त्याने अजिबात सोडू नये, फक्त आउटडोअरच्या बाहेरच्या कामापासून त्याला दूर ठेवण्याबद्दल आपण त्या मेकॅनिक दादांशी स्पष्ट बोलून घ्या. आणि आपल्या इमारतीतल्या त्या घरी पुन्हा गॅस भरायची वेळ येण्याआधी, दादांना सोबत घेऊन तिथल्या फ्लेअर जोडांवर साबणाचा फेस लावून पाहायला मुलाला सांगा.