कूलर लावलाय, तरी पग धापा का टाकतो?

प्रश्न : डॉक्टर, अकोल्यात सध्या पारा ४४च्या खाली यायला तयार नाही. आमच्या चार वर्षांच्या पगला दुपारभर दारं-खिडक्या लावून कूलरच्या खोलीत ठेवतो. तरी तो सारखा धापा टाकतो, घशातून घरघर येते. सासूबाई म्हणतात ऊन लागलंय, कांद्याचा रस पाजा. पाजू का?

उत्तर : कांदा अजिबात नको. कच्चा असो वा शिजवलेला, त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सासूबाईंची काळजी खरी आहे, औषध तेवढं चुकीचं.

आता तुमचा कूलर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना येतो तेवढाच. सगळी भिस्त धापांवर. जिभेवरचा, नाकातोंडातला ओलावा उडतो आणि अंग निवतं. बंद खोलीत कूलर चालवलात की थोड्याच वेळात हवा इतकी दमट होते की गादीसुद्धा ओलसर लागते. मग कितीही धापा टाकल्या तरी ओलावा उडणार कुठे? कूलर खिडकीत बसवा, बाहेरची कोरडी हवा त्याला ओढू द्या आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा. जूनमध्ये ढग आले, पारा उतरला, म्हणून निर्धास्त होऊ नका. तो दमट उकाडा पगला फार जड जातो.

त्यात पगच्या नाकपुड्या अरुंद आणि मऊ टाळू लांब, घशात अडथळा करणारा. न बघताच सांगते, तो गुबगुबीतही असणार! पोळीचे तुकडे सरकवणं बंद करा. घरघर थंडीतही असेल तर एकदा नाक-घसा तपासून घ्या; काहींना शस्त्रक्रियेनं बराच आराम पडतो. फिरवायचं ते उजाडायच्या सुमारास, थोडंसंच.

घरात त्याच्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवा. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप बघायचा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान, त्याला ताप समजू नका. पण आकडा १०५च्या आसपास गेला, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या, तर तो उष्माघात. अशा वेळी मला फोन नंतर, पाणी आधी. छतावरच्या टाकीचं नव्हे, ते दुपारी चटका देतं. सावलीत एक बादली रोज भरलेली ठेवा. पोट, जांघा, मान भिजवत राहा आणि पंखा सुरू ठेवा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. १०३वर आला की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर अंग नको तितकं गार पडतं. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. माणसांची तापाची गोळी तर नकोच. ही उष्णता गोळीनं उतरत नाही, वर यकृताला धोका.

आणि उठून शेपटी हलवायला लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात आणा. मूत्रपिंडाला झालेली इजा आणि रक्त गोठण्यातला बिघाड कधी कधी दोन-तीन दिवसांनी वर येतो.

प्रश्न : आमच्या लॅब्राडॉरच्या अंगावर उन्हाळाभर गोचीड होते. आता जेवत नाही, काल नाकातून रक्त आलं. उष्णता वाढली असेल का? (पुणे)

उत्तर : उष्णतेवर सोडून देऊ नका, आजच रक्त तपासा, विशेषतः प्लेटलेट. गोचीड चावल्यानं होणाऱ्या एर्लिकिया या आजाराची मला शंका आहे. तो ठरला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स बहुधा २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी जेवायला लागला म्हणून गोळ्या बंद करणारे बरेच भेटतात. तसं करू नका. गोचीड घरातही शोधा. भिंतीच्या भेगा, पलंगाच्या फटी, पायपुसण्याखाली. गुरांवर फवारायचं औषध अंदाजानं कुत्र्याला लावू नका, आणि घरात मांजर असेल तर कुठलंही गोचीडनाशक आणण्याआधी ते डॉक्टरांना सांगा.