तोंडात गॅग असताना सेफवर्ड कसा द्यायचा? पहिला गॅग कोणता घ्यावा?

तुम्ही विचारले आहे की जोडीदाराला बॉन्डेजमध्ये (संमतीने बांधून घेण्याच्या खेळात) गॅग, म्हणजे बोलता येऊ नये म्हणून तोंडात बसवायची वस्तू, हवा आहे, तोंड बंद असताना सेफवर्ड, म्हणजे थांबण्यासाठी ठरवलेला शब्द, उच्चारता येणार नाही म्हणून तुम्ही बिचकता आहात, आणि ती मात्र म्हणते की तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, वेगळी खूण कशाला हवी. गॅग कोणता घ्यावा ते पुढे सांगते, परंतु मी लिहायला बसले ती तुमच्या या शेवटच्या वाक्यामुळे, कारण याच मुद्द्यावरून माझे एका माणसाशी जे वाजले ते आजतागायत मिटलेले नाही.

मी या खेळात सबच्या, म्हणजे ताबा सोपवणाऱ्याच्या, बाजूची आहे आणि गॅग मला मनापासून आवडतो. दिवसभर बोलून प्रत्येक प्रसंग सावरून नेणे ज्यांच्या अंगवळणी पडलेले असते, त्यांच्याकडून ते काम कोणीतरी काढून घेते, स्पष्टीकरण देण्याची सोयच उरत नाही, ओठ मिटता येत नाहीत, लाळ आवरत नाही, आणि त्यातले लाजिरवाणेपण हेच अनेकांना हवे असते. त्यामुळे गॅगच नको असे मी सांगणार नाही. खुणेशिवाय गॅग नको, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यात मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

आमची खूण म्हणजे मुठीत धरलेला किल्ल्यांचा जुडगा. आधी रबरी चेंडू घेण्याचा विचार होता, पण तो गादीवर पडला तर आवाज होत नाही हे सरावातच दिसले, म्हणून किल्ल्या आल्या आणि हात पलंगाच्या कडेबाहेर राहील, खाली उघडी फरशी असेल, अशी जागा ठरली. एका संध्याकाळी माझे हात पाठीमागे बांधलेले होते, दातांमागे गॅगचा सिलिकॉनचा बॉल होता आणि मी कुशीवर पडले होते. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी हळूहळू चोंदत जाते हे बहुतेकांनी अनुभवलेले असते. त्या दिवशी वरचीही मोकळी नव्हती. बॉलच्या बाजूच्या फटींतून थोडी हवा येते खरी, पण जबडा ताणलेला असताना गिळणे कठीण होते, लाळ साचते आणि त्या फटीही भरत जातात. वेदना कुठेच नव्हती, बाहेरून पाहणाऱ्याला वेगळे काही दिसलेही नसते, फक्त प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा थोडा अपुरा पडत होता. मी मूठ उघडली.

किल्ल्या फरशीवर वाजल्या आणि माझ्या जोडीदाराने हातातले सगळे टाकले. त्याने आधी मला उठवून बसवले, डोके पुढे झुकवून साचलेली लाळ बाहेर वाहू दिली, मगच मानेमागचे बकल सोडले, आणि बॉल ओढून न काढता हनुवटीखाली तळहात धरून जबडा आपोआप सैल होईपर्यंत थांबला. मनगटाच्या दोऱ्या त्यानंतर सुटल्या. माझे श्वास स्थिर होईपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्या साऱ्या हालचालीत घाई होती पण गोंधळ नव्हता, आणि मला त्याचा आजही अभिमान वाटतो.

पुढे एका ओळखीच्या मंडळींच्या बैठकीत हा प्रसंग निघाला, तेव्हा तिथल्या एका जुन्याजाणत्या डॉमने (ताबा घेणाऱ्याने), ज्याच्याकडे नवखी माणसे शिकायला जातात, सगळ्यांसमोर सांगितले की खरा डॉम सबचा श्वास ओळखतो, त्याला किल्ल्यांची गरज पडत नाही, आणि मुठीत सुटकेची किल्ली ठेवून केलेले समर्पण हे अर्धेच समर्पण असते. मी तिथेच विरोध केला, आणि इथेही करते. गॅगमागून येणारा प्रत्येक आवाज एकाच घोगऱ्या सुरात येतो. सुखाचे कण्हणे आणि त्रासाचे कण्हणे यांत फरक करणारी व्यंजनेच तोंडाला काढता येत नाहीत. चेहराही वाचता येत नाही, कारण ताणलेले तोंड सगळे भाव बदलून टाकते, आणि डोळ्यांवर पट्टी असेल तर उरलासुरला आधारही जातो. अशा वेळी मला सगळे कळते म्हणणारा माणूस केवळ अंदाज करत असतो, आणि त्या अंदाजाची किंमत दुसऱ्याच्या श्वासाने मोजली जाते.

राहिला समर्पणाचा प्रश्न. ती मूठ माझ्या ताब्यात असते म्हणूनच मी बाकीचे सगळे सोडून देऊ शकते. सतत स्वतःवर पहारा ठेवावा लागत नाही. माझ्या जोडीदारालाही त्यामुळेच मोकळेपणाने पुढे जाता येते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या विकारसूचीच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०१९ मध्ये मंजूर होऊन २०२२ पासून लागू झाली, प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या या प्रकारांना विकार मानणे थांबवले आणि विकाराची व्याख्या मुख्यतः संमती नसलेल्या व्यक्तीशी जोडली. म्हणजे सगळा डोलारा संमतीवर उभा आहे, आणि जी संमती मध्येच मागे घेता येत नाही तिला संमती कशी म्हणायची, याचे उत्तर त्या गृहस्थांनी मला अजून दिलेले नाही.

आता गॅगविषयी. पूर्ण वाढ झालेल्या माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते, त्यामुळे ५० मिलिमीटरचा बॉल पहिल्यांदा घेणे हा शुद्ध हट्ट आहे. ३८ ते ४० मिलिमीटरचा मऊ सिलिकॉनचा घ्या, शक्यतो आरपार छिद्रे असलेला, किंवा सरळ बिट गॅग (दातांत आडवी धरायची दांडी) घ्या, कारण त्यात जबडा कमी ताणला जातो आणि लाळेलाही वाट मिळते. पट्ट्याला बकल असावे, कुलूप नको. सुरुवातीला काही मिनिटेच पुरेत. जबडा दुखू लागण्याची वाट पाहायची नसते. कापडाचा बोळा कोंबून वरून टेप लावण्याचा प्रकार पडद्यावर सर्रास दिसतो, तो करूच नका, कारण ओला झालेला बोळा घशाकडे सरकला तर तो बाहेरून दिसणारही नाही.

खूण म्हणून वस्तू धरणे हा एकच मार्ग नाही. ठरावीक वेळाने तुम्ही तिचा हात दोनदा दाबावा, तिने दोनदा दाबून उत्तर द्यावे आणि उत्तर आले नाही तर सगळे थांबवावे, ही पद्धत मी किल्ल्यांच्या जोडीला वापरायला सांगेन, कारण बांधलेला हात बधिर झाला तर मूठ आपोआपही सुटते किंवा सोडायची असूनही सुटत नाही. चुकून पडलेली वस्तूसुद्धा खरीच खूण मानायची, त्यावरून चिडायचे नाही. तिसरा पर्याय म्हणजे सलग तीन हुंकार. हे सगळे आधी गॅग न घालता करून पाहा.

आणखी काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. सर्दी, दमा किंवा नाकाचा जुना त्रास असेल तर गॅग त्या दिवशी बाजूला ठेवावा, मद्य घेतले असेल तरीही, कारण उलटी झाली तर ती बाहेर पडायला जागा नसते. हलणारे दात, कवळी, तारा, सैल कॅप यांची चौकशी आधी करा. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणारे असतात, म्हणूनही सिलिकॉन बरे. उताणे झोपवू नका, आणि गॅग घातलेल्या माणसाला एका क्षणासाठीही एकटे सोडून खोलीबाहेर जाऊ नका. बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवा.

तिला खूण नकोच असेल, तर तुम्ही नकार देऊ शकता. मर्यादा केवळ बांधून घेणाऱ्याच्याच असतात असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. बांधणाऱ्यालाही त्या असतात, आणि खूण ठरल्याशिवाय मी बकल लावणार नाही, हे तुम्ही तिला स्पष्ट सांगितले तर त्यात तिच्या विश्वासाचा कोणताही अपमान होत नाही.