पुण्याला जाऊ का, असं विचारलंस ना

अरे बाबू,

तुझं गाणं ऐकलं. तीनदा. एकदा फोनच्या स्पीकरवर, एकदा शंकरनगरच्या सिग्नलला उभा असताना इअरफोनवर आणि एकदा आमच्या खटारा गाडीत, कारण त्या गाडीत बेस ऐकू आला तर समजायचं मिक्समध्ये बेस आहे. तुझा नाही आला. पण ते नंतर. आधी तू रात्री दीड वाजता जे विचारलंस ते, की काका नोकरी सोडून पुण्याला जाऊ का, नागपूरला गाण्याचा काही सीनच नाही. (काका काहून म्हणतो बे, दादा म्हण, केस पांढरे झाले म्हणून काय झालं.)

नको जाऊ. या वर्षी तरी नको. तुझे बाबा जे कारण सांगतात त्यासाठी नाही, त्यांना वाटतं गिटार म्हणजे पोट्टा हातातून गेला, माझ्याही घरी तेच होतं. माझं कारण वेगळं आहे. मी गेलो होतो. चौदा महिने राहिलो, तिघांत एक खोली, आणि त्या चौदा महिन्यांत स्वतःची गाणी स्टेजवर किती वेळा वाजवली असतील? चारदा. बाकी सगळा वेळ भाडं भरण्यासाठी क्लासेस घेण्यात आणि दुसऱ्यांच्या गाण्यांवर कीबोर्ड वाजवण्यात गेला, आणि ते काम तर मी इथे घरचं जेवून पण करू शकलो असतो. परत आलो तेव्हा स्टेशनवर उतरल्यावर दोन दिवस कोणाला फोनसुद्धा केला नाही, लाज वाटत होती.

मग एका मित्रानं मला गडचिरोलीकडच्या वडशाला नेलं. झाडीपट्टी माहीत आहे ना तुला? की फक्त नाव ऐकलंय? धान कापून झालं की दिवाळीपासून पार होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या गावांत नाटकं चालतात, रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत, लोकं तिकीट काढून, घोंगडी घेऊन बसतात. कंपन्यांची ऑफिसं वडशाला, गावची मंडळी तिथे येऊन नाटक बुक करतात. म्हणजे तू ज्याला सर्किट म्हणतो ना, बुकिंग, सीझन, तिकीट, सगळं, ते आपल्यापासून तीन-चार तासांवर तुझ्या-माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे आणि आपण इथे बसून रडून राहिलो की सीन नाही.

दोन सीझन कीबोर्ड वाजवला मी तिथे. रिहर्सल जवळजवळ नाहीच, तबलेवाला मला पट्टी बोटांनी दाखवायचा, डिसेंबरच्या थंडीत बोटं अशी आखडायची की पहिली दोन गाणी नुसती गरम व्हायला जायची. जनरेटरचा आवाज कायम मागे. आणि समोरचा माणूस दिवसभर शेतात राबून आलेला, रात्रीचे साडेतीन वाजलेले, त्याला तू आर्टिस्ट आहेस की कोण याच्याशी काही देणंघेणं नाही, गाणं रेंगाळलं की तो उठतो आणि शेकोटीकडे जातो. तो उठलेला तुला दिसतो. दुसऱ्या दिवशी तेच गाणं वाजवताना तू आपोआप इंट्रो अर्धा करतो. मला कोणत्याच गुरुजींनी हे इतकं नीट शिकवलं नाही. तुझा इंट्रो एक मिनिट दहा सेकंदांचा आहे, मी मोजला. शेकोटी आठव.

दुसरी गोष्ट दीक्षाभूमीची. लहानपणी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बाबांसोबत जायचो तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी असायच्या, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. गाणारा गावोगाव फिरतो, जलशात गातो, त्याची कॅसेट अशा गर्दीत हातोहात जाते, मुंबईच्या मोठ्या कंपनीनं त्याला घेतलं की नाही हे कोणी विचारत नाही. भीमगीतं लिहिणाऱ्या-गाणाऱ्या वामनदादा कर्डकांनी आख्खं आयुष्य असं फिरत काढलं. आता यालाच इंडी म्हणतात, म्हणजे कंपनीशिवाय आपल्या बळावर, आणि टी-शर्टवर छापतात. मला राग नाही बरं का, मी पण छापलेत टी-शर्ट, तीस उरलेत, एक्सएल पाहिजे असेल तर घेऊन जा.

बरं, रेकॉर्डिंग. तुझ्या दुसऱ्या कडव्याच्या आधी जी शांतता आहे ना, तिच्यात कूलर आहे. साफ ऐकू येतो, पंप पण ऐकू येतो. मला माहीत आहे, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि कूलर बंद केला की दहा मिनिटांत माणूस उकडून निघतो, पण नॉइज काढायचा प्लगइन लावून तू जे केलंस त्यानं आवाज पाण्याच्या टाकीत बुडल्यासारखा झालाय. नागपुरात गाणं दोनच वेळी रेकॉर्ड होतं, एक तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, नाहीतर रात्री एकनंतर दहा-दहा मिनिटं कूलर बंद करून, एक टेक, मग पुन्हा चालू, पाणी पी, परत बंद. मी माझा पहिला ईपी, म्हणजे थोड्या गाण्यांचा छोटा अल्बम, असाच केला, बनियनवर. माईक भिंतीपासून लांब ठेव, तुझ्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाक, लोकं माईकच्या मागे टाकतात पण माईक ऐकतो तुझ्या मागची भिंत. तीस हजारांचा माईक नको घेऊ, आहे तो पुरतो. लेव्हल मायनस बारा ते मायनस सहा डेसिबलच्या मधे ठेव, पार लालपर्यंत नेलीस तर नंतर कोणीच वाचवू शकत नाही. आणि मास्टर करताना, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवताना, ते ठेचून ठेचून मोठं करणं सोड, स्पॉटिफाय तसंही सगळ्यांना मायनस चौदा एलयूएफएसच्या (गाणं किती मोठं वाजतं त्याचं माप) आसपास आणतं, तू ठेचलेलं खाली येतं आणि नुसतं ठेचलेलं राहतं.

तबला रेकॉर्ड करशील तेव्हा लक्षात ठेव, या कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणते आणि सूर वर जातो, पावसाळ्यात खाली येतो, म्हणून प्रत्येक टेकच्या आधी सूर बघ, गेल्या आठवड्याच्या टेकवर आजचा तबला चिकटवायला जाऊ नको. आणि गिटार दुपारी गाडीच्या डिक्कीत ठेवू नको. माझ्या गिटारचा ब्रिज असाच उखडला, गोंद वितळला, आणि त्या दिवशी संध्याकाळी शो होता.

टूर म्हणशील तर आधी अमरावती, वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर कर. सकाळी निघायचं, रात्री किंवा फार तर पहाटे घरी. पुण्याचा हिशोब सांगतो, मागच्या वेळी आम्ही चार जण गेलो, येणं-जाणं, दोन रात्री, जेवण धरून २२,००० लागले, शोचे मिळाले १५,००० आणि ते पण दीड महिन्यानं. म्हणजे ७,००० रुपये देऊन आम्ही स्वतःला ऐकवून आलो. तेवढ्यात विदर्भात सहा शो होतात. समृद्धी महामार्गानं गाडी काढून जायची हौस असेल तर जा, पण शो संपल्यावर लगेच रात्री परत निघायचं नाही, तो लांबच लांब सरळ रस्ता झोप आणतो आणि तुमच्यात गाडी चालवणारा एकच आहे.

कॅफेत वाजवशील तर लोकं तिथे जेवायला आलेत हे डोक्यात ठेव, चार ओळखीची गाणी आणि मधे एक तुझं. अर्धे पैसे आधी. धरमपेठेत एका ठिकाणी मला मानधन म्हणून दोन प्लेट पास्ता मिळाला होता, आणि मी थँक्यू म्हणून खाल्ला, आता आठवलं की डोकं फिरतं.

आता नीट वाच, बाकी विसरलास तरी चालेल. २००९ मध्ये एका कंपनीच्या माणसानं मला चहा पाजला, पाच पानी कागद पुढे केला आणि मी तिसरं पान न वाचता सही केली. आज मी माझंच गाणं माझ्या चॅनलवर टाकलं तर कॉपीराइटचा स्ट्राइक येतो. माझ्याच आवाजाला! रेकॉर्डिंग त्यांचं, शब्द-चाल पण त्यांना दिलेली. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, आता गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कागदावर सही करून पण कंपनीला देऊन टाकता येत नाही, पण मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, मात्र आजही सही केली की गेला. म्हणून गाणं भाड्यानं दे, विकू नको, किती वर्षांसाठी ते लिहून घे. गाणी तुझी तूच लिहितो आणि चाली लावतो तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, मेंबर हो, गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर चढवणारा डिस्ट्रिब्युटर देतो तो आयएसआरसी नंबर, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, प्रत्येक गाण्याचा एका वहीत लिहून ठेव. आणि बँडमधे कोणाचा किती टक्के हे आजच ठरवा, आज भांडायला पैसेच नाहीत म्हणून आज सोपं आहे. स्ट्रीमिंगच्या पैशावर घर चालेल हे डोक्यातून काढ, स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मोजत नाहीत. तू आठ अर्धवट गाणी टाकून बसलायस, त्यापेक्षा दोन पूर्ण कर.

आवडते अल्बम विचारलेस. रोज बदलतात रे. पण अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा नेब्रास्का, १९८२ चा, घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेला डेमो, नंतर बँड घेऊन ती गाणी पुन्हा वाजवून पाहिली तरी शेवटी कॅसेटवरचंच बाहेर आलं. खोली ऐकू येते त्यात, कूलर नाही येत. कॉल ऑफ द व्हॅली, १९६७, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काब्रा, काश्मीरच्या मेंढपाळाचा सकाळ ते रात्र असा एक दिवस, राग पण वेळेप्रमाणे लावलेले. म्हणजे अल्बमला क्रम असतो बाबू, तुझ्या आठ गाण्यांना नाही. इंडियन ओशन बँडचा डेझर्ट रेन, १९९७, लाइव्ह, कारण लाइव्हमधे लपता येत नाही. आणि बाबांनी दीक्षाभूमीवरून आणलेली एक भीमगीतांची कॅसेट, कव्हर कधीच फाटलं, गाणाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही, बी साइडला ढोलकी जिथे एकटी सुटते तिथे मी अजून रिवाइंड करतो.

शनिवारी रात्री ये. एकनंतर आमच्या गल्लीतली कुत्री पण झोपतात. गोधड्या माझ्याकडे आहेत, तुझ्या बेसवाल्याला उचलून आण, तारा नवीन टाकून आण आणि तो इंट्रो वीस सेकंदांचा करून आण. घरी सांगून ये, नाहीतर तुझे बाबा मला फोन करतात.

दादा
(काका नाही)