केमोने गाठ गेली तरी कॅन्सर परत का येतो? आणि स्टेम सेल देऊन तो बरा होतो का?

मी बोनमॅरो (हाडांतला, रक्त तयार करणारा मगज) ट्रान्सप्लांट विभागात काम करते. तुमचा दुसरा प्रश्न तिथे नातेवाईक रोज विचारतात, पण आधी पहिला घेते.

कॅन्सरच्या सगळ्या पेशी सारख्या ताकदीच्या नसतात. 1994 साली टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या कॅन्सरच्या (एएमएल) पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत सोडल्या. रोग धरला तो मोजक्याच, मूलपेशींसारख्या (म्हणजे स्टेम सेलसारख्या) पेशींमुळे. यातल्या बऱ्याच पेशी दीर्घकाळ न विभागता पडून राहतात, आणि केमोचा मारा तर मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर. गाठ आटते, स्कॅन स्वच्छ येतो, या पेशी मात्र तग धरून असतात, आणि त्यांच्यातूनच कॅन्सर परत येऊ शकतो. अर्थात हे सगळ्याच कॅन्सरना सरसकट लावता येत नाही. मेलॅनोमात (त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये) 2008 साली दिसलं की गाठ धरू शकणाऱ्या पेशी मोजक्या नाहीत, जवळजवळ चारातली एक आहे.

आता उपचार. मायलोमाच्या (बोनमॅरोतल्या पेशींच्या कॅन्सरच्या) पेशंटला त्याच्याच मूलपेशी परत देतो, तेव्हा कॅन्सर त्या मारत नाहीत. मारते ती आदल्या दिवशी किंवा त्याआधी दिलेली जबर केमो. तिने बोनमॅरोही कोरडा पडतो, म्हणून आधीच काढून गोठवलेल्या पेशी लागतात. पिशवी कोमट पाण्यात वितळवायची आणि सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) सोडायची. गोठवताना पेशी जपण्यासाठी घातलेल्या डीएमएसओ या रसायनामुळे खोलीत लसणासारखा वास पसरतो. पेशी आपणहून हाडांत वाट काढतात, पण पांढऱ्या पेशी वर यायला साधारण दोन आठवडे जातात. त्या काळात साधा तापही आम्ही क्षणभर हलका घेत नाही.

दात्याच्या पेशींचं वेगळं. त्यांतून तयार झालेली नवी प्रतिकारशक्ती उरलेल्या कॅन्सरवर तुटून पडते, हाच खरा फायदा. तीच पेशंटच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावरही उलटू शकते, म्हणून दाता फार जुळवून निवडतात.

फुप्फुस, स्तन, आतड्याच्या कॅन्सरवर मूलपेशींचं इंजेक्शन हा सिद्ध झालेला उपचार नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर कृपा करून देऊ नका, आणि त्यापायी चालू केमो तर मुळीच थांबवू नका. ट्रान्सप्लांटचा सल्ला मिळाला असेल तर डॉक्टरांना विचारा: पेशी स्वतःच्या की दात्याच्या, आणि आत्ता रोग किती आटोक्यात आहे?