सावित्रीबाईंनंतर महाराष्ट्रात शिक्षिका आल्या कुठून?

बऱ्याच जणी विधवांमधून आल्या. लग्न झालेल्या बाईला घर सोडून शिकायला कोण पाठवणार? विधवेला मात्र घरात ओझंच मानलं जायचं.

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांना शिकवणारी शारदा सदन ही शाळा काढली. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या बाया कर्वे झाल्या. पुढे कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून आपल्या विधवांसाठीच्या आश्रमाची शाळा चालवली. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि संध्याकाळी आश्रमाचं सामान घेऊन पायी हिंगणं गाठायचं, असा त्यांचा क्रम होता.

पण माझ्या मते खरी गोष्ट बायांच्या बहिणीची, पार्वतीबाई आठवल्यांची. त्याही विधवा, पदरात एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर शिकायला बसल्या आणि नंतर त्याच आश्रमात शिकवू लागल्या. गावोगाव भाषणं करून त्यांनी वर्गणी गोळा केली. 1912 मध्ये केशवपन सोडलं. (आश्रमाच्या पाठीराख्यांतही नाकं मुरडणारे होतेच!) 1918 मध्ये इंग्रजी जेमतेम येत असताना थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी भांडी घासली, स्वयंपाक केला, इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी पैसे जमवले.

कर्व्यांचं महिला विद्यापीठ 1916 चं, म्हणजे त्या निघाल्या तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं.